सगीराचा शोधनिबंध मागं घेतल्याची हकीकत

देव्हाऱ्यातले पितळी देव चिंच लावून घासायला काढले होते. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा लख्ख झाले होते, गणपती आणि समई अजून काळेच होते, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि आमची पाचोडची वहिनी सगीराचा हात धरून उतरली. माझे हात चिंचेचे, त्यामुळं मी उठून पाणीसुद्धा दिलं नाही. सगीरानंच माठातलं घेऊन वहिनीला दिलं आणि स्वतः पायरीवर बसली.

वहिनीच्या डोळ्यात मोतीबिंदू. तिला दवाखान्यात मीच नेणार होते, पण माझी संकष्टी होती, आणि सगीरा म्हणाली, भाभी, तुम्ही उपाशीपोटी रांगेत कुठं उभ्या राहता, मी नेते. वहिनीनं पाणी पिऊन सांगितलं, "आपरेशन नाय म्हणले. अंगात रक्त कमी हाय म्हणं. आधी वाढवा, मग या."

एवढ्यानं कुणी घाबरत नाही. आमच्याकडं बायकांच्या अंगात रक्त कमीच असतं. पण सगीराचा चेहरा उतरला होता. कारण वहिनीसारख्या बायकांचं रक्त वाढलेलं आहे, असं तिनं स्वतः साऱ्या जगाला इंग्रजीतून कळवलेलं होतं.

सगीरा आमची पडेगावची शेजारीण. दोघींच्या घरांत भिंत एकच. मूळची ती खुलताबादची, वडिलांचं दर्ग्याच्या वाटेवर फुलांचं दुकान होतं. दहावीपर्यंत उर्दूतून शिकली, मग शहरात येऊन गृहविज्ञान केलं, पुढं आहार या विषयात पीएच.डी. केली, आणि आता कॉलेजात शिकवते. नवरा गयासभाई, त्यांचं टाइल्सचं दुकान. गल्लीत ती एका गोष्टीसाठी ओळखली जाते. तिला खोटं कौतुक करता येत नाही. दिवाळीला मी फराळाचं ताट देते. बाकीच्या बायका ताट परत आणताना फार छान झालं होतं म्हणतात. ही म्हणते, "भाभी, शंकरपाळे छान. चकलीत मोहन कमी पडलं." पहिल्या वर्षी मला राग आला. दुसऱ्या वर्षीही आला. तिसऱ्या वर्षी मी मोहन वाढवलं.

जगाला कळवलेलं ते काम लाडवाचं होतं, आणि ते तिनं काकासाहेब सरांबरोबर केलं. सर तिचे पीएच.डी.चे गाईड, आता निवृत्त आहेत, पण कॉलेजात त्यांचा शब्द अजून चालतो. पाचोड माझं माहेर, म्हणून बायका जमवायचं काम वहिनीकडं आलं. लाडू अळीव, शेंगदाणे आणि गुळाचा. काही वस्त्यांवरच्या बायकांना काही महिने रोज एक लाडू. दुसऱ्या वस्त्यांवरच्या बायकांना तेव्हा नाही, नंतर. सगळ्यांचं रक्त आधी एकदा तपासायचं आणि शेवटी परत तपासायचं. तर लाडूवाल्यांचं रक्त इतकं वाढलं आणि बिनलाडूवाल्या इतक्या मागं राहिल्या, की परदेशातल्या एका जर्नलनं तो शोधनिबंध छापला. जर्नल म्हणजे अभ्यासकांचं मासिक. ते आपल्यापैकी कुणी वाचत नाही, पण त्यात छापून आलं की प्राध्यापकाची बढती पुढं सरकते. पहिलं नाव सगीराचं, शेवटचं सरांचं. त्यांच्यात शेवटचं नाव मोठं मानतात म्हणे. मी त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली.

इथल्या एका वर्तमानपत्रानं त्याची बातमी केली. मथळा होता, "रोज एक लाडू, रक्ताची चिंता सोडा". वहिनीनं ते कात्रण लॅमिनेट करून कॅलेंडरच्या शेजारी लावलं. आणि गावातल्या बायकांनी सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या सोडल्या. गोळीनं मळमळतं आणि दिवसभर तोंडाला लोखंडाची चव राहते, लाडवानं गुळाची राहते. वहिनीनंही सोडल्या.

तर त्या संकष्टीला सगीराच्या हातात अजून वहिनीचं आधार कार्ड होतं. दवाखान्यातला फॉर्म तिनंच भरला होता.

"रत्नमालाताई, ह्याच्यावर सरूबाई लिहिलंय."

"मग. मीच हाय की."

"तुम्ही रत्नमाला ना?"

"ते इकडलं. सरू तिकडलं."

रत्नमाला हे नाव माझ्या भावानं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं. तांदूळ नंतर खिरीत गेले, नाव राहिलं. कागदपत्रं मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघाली, त्यामुळं त्यावर नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं माहेरचं. भावानं बदलून आणतो म्हणून सांगितलं होतं. अजून सांगतो.

सगीराला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. आमच्या घरची लग्नं ती जेवली आहे, ताटातलं नाव वाचून तिनं टाळ्यासुद्धा वाजवल्या आहेत. पण त्यांच्यात मुलगी सगीरा म्हणून सासरी जाते आणि सगीरा म्हणूनच राहते, त्यामुळं याद्या करताना ते तिच्या डोक्यात आलं नाही. सरांच्या तर घरात ही रीत. त्यांच्याही आलं नाही.

तिनं घरून लॅपटॉप आणला आणि माझ्याच ओट्यावर उघडला. पहिल्या तपासणीला अंगणवाडीच्या बाईंनी हाका मारून नावं लिहून दिली होती, ती सगळी सासरची. दुसऱ्या तपासणीला काम पक्कं व्हावं म्हणून सरांनी आधार कार्ड बघायला सांगितलं. मग कॉम्प्युटरनं दोन्ही याद्या जुळवल्या. रत्नमाला दुसऱ्या यादीत सापडली नाही. ऊसतोडीचा हंगाम होता, गावं रिकामी होतातच, म्हणून तिच्यासारख्या न सापडलेल्या साऱ्या बायका ऊसतोडीला गेल्या असं धरलं. सरूबाई पहिल्या यादीत नव्हती. तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी होती, म्हणून ती बाजाराला आलेली दुसऱ्या वस्तीवरची बाई धरली आणि तिचा पहिला आकडा नसतानाही बिनलाडूवाल्यांत घातली. म्हणजे वहिनीनं सगळे लाडू खाल्ले आणि हिशेबात तिनं एकही खाल्ला नव्हता.

वहिनीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी, ऊसतोडीला? आमच्या घरचं कोणी आजवर कोयता घेऊन गेलेलं नाय. ते आधी काढा."

सगीरानं विचारलं, दुसरं नाव निघालं तेव्हा तुम्ही कुणाला बोलला का नाहीत.

"काय बोलायचं? पहिल्या बारीला नाव मागितलं, नाव दिलं. दुसऱ्या बारीला आधार मागितलं, आधार दिलं. तुमी जे मागितलं ते दिलं."

पुढचे काही दिवस सगीरा अंगणवाडीच्या बाईंना फोन करून एकेक नाव जुळवत बसली. अशा बायका पुष्कळ निघाल्या. आणि ज्यांची कागदपत्रं लग्नानंतर कुणी बदलून आणली नव्हती, त्या बहुतेक गरिबाघरच्या, आधीपासून रक्त कमी असलेल्या. माझ्या भावासारखा आळशी नवरा असेल तर खात्यापित्या घरच्यासुद्धा, पण त्या थोड्या. या सगळ्या अशक्त बायका लाडवाच्या बाजूनं गळाल्या आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. म्हणून लाडवाची बाजू एवढी धष्टपुष्ट दिसली. नावं नीट लावली तर दोन्हीकडं जवळजवळ सारखंच. लाडू वाईट नव्हता. पण गोळीच्या जागी चालेल असा नव्हता.

ती लगोलग पाचोडला गेली. मीही बरोबर गेले. शाळेच्या ओट्यावर बायका गोळा झाल्या. तिनं चूक कशी झाली ते सांगितलं आणि गोळ्या परत सुरू करा म्हणून सांगितलं. बायकांनी मान डोलावली. मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाई, तुमी तोंडानं सांगताव. लाडवाचं छापून आलतं. हे बी छापून आणा, मग बघू." बाकीच्या बायकांनी पुन्हा मान डोलावली, आणि या वेळची मान खरी होती. वहिनी तेवढी घरी जाऊन गोळी गिळून आली.

मग सगीरा त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. बातमी करणारा ऋतुराज नावाचा मुलगा चांगला होता, त्यानं चहा मागवला. पण तो म्हणाला, मॅडम, बातमी आम्ही जर्नलवरून केली. आता जर्नल जोवर चूक म्हणत नाही तोवर आम्ही कशाला चूक म्हणू. सगीरा म्हणाली, लिहिलं मी, चूक म्हणते मी. तो म्हणाला, तसं चालत नाही, पण जर्नलनं चूक म्हटलं की मी नक्की छापतो.

म्हणून जर्नल.

मला वाटलं होतं, चुकलं तर एक पत्र टाकायचं आणि ते पुसून टाकतील. तसं नसतं. जर्नलच्या संकेतस्थळावर त्यासाठी फॉर्म आहे. तक्रार कुणाविरुद्ध, या रकान्यात सगीरानं स्वतःचं नाव घातलं. तुमचं त्या व्यक्तीशी नातं काय, इथं लिहिलं, स्वतः. फॉर्म परत आला. तक्रारदार आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती एकच असू शकत नाही, असं त्यात लाल अक्षरांत होतं. तिनं मग साधी मेल केली. त्या मेलला लगेच यंत्राचं उत्तर आलं. नवा शोधनिबंध पाठवल्याबद्दल जर्नल तिचं आभारी होतं.

मी गुरुवारी दत्ताला सांगितलं. गयासभाईंनी खुलताबादच्या दर्ग्याला चादर बोलली. जर्नलवर दोन्हींचा लगेच काही परिणाम दिसला नाही.

बऱ्याच दिवसांनी खऱ्या संपादकांचं पत्र आलं. नाव वाचून बाई की पुरुष ते कळेना, पण माणूस सभ्य होता. त्यांनी विचारलं होतं, मूळ याद्या पाठवा, रक्ताचे मूळ आकडे पाठवा, कॉलेजला याची माहिती आहे का ते कळवा, आणि दुसऱ्या लेखकांचं म्हणणं काय तेही कळवा. तोवर त्यांनी निबंधाच्या डोक्यावर एक ओळ घातली, की या निबंधाबद्दल शंका उपस्थित झाली आहे, वाचकांनी जपून वापरावा. शंका कुणी उपस्थित केली ते त्यात नव्हतं. त्यामुळं कॉलेजात आठवड्याभरात झालं ते असं, की सगीरा मॅडमनी काहीतरी चोरलंय आणि परदेशातून पकडल्या गेल्या. प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. समितीनं पहिल्याच बैठकीत सगीराला विचारलं की तक्रार कोणाची आहे. ती म्हणाली माझी. त्यांनी बैठक पुढं ढकलली. बढतीची फाइल वर गेली होती, ती खाली आली.

गयासभाईंच्या दुकानातही गिऱ्हाइकं विचारायला लागली. ते आमच्या ह्यांना म्हणाले, "टाईल टेढी लगी तो उखाडनाच पडता, भाई. ऊपर से फर्श पोछ के क्या होता." एवढं म्हणून ते दुकानात गेले. घरात त्यांनी तिला एकदाही थांब म्हटलं नाही, हे मी भिंतीला कान न लावता सांगू शकते, भिंत तेवढीच जाड आहे.

शेवटी काकासाहेब सर तिच्या घरी आले. मी नेमकी उपमा घेऊन गेले होते, आणि सर बसलेले बघून तसंच परत फिरणं बरं दिसेना, म्हणून बसले. सर वाईट माणूस नाहीत. खुलताबादच्या फुलवाल्याच्या पोरीला त्यांनी शिकवलं, तिची फी भरायची राहिली तेव्हा ऑफिसात जाऊन भांडले, हे ती स्वतः सांगते. त्यांनी तिला समजावलं की निबंध मागं घेतले जातात ते कुणाचे. दुसऱ्याचं लिखाण उचलणाऱ्यांचे, एकच फोटो दोन ठिकाणी लावणाऱ्यांचे, घरी बसून आकडे भरणाऱ्यांचे. त्या रांगेत आपण कशाला उभं राहायचं. त्यापेक्षा एक लहान दुरुस्ती छापून घेऊ. वाक्यही त्यांनी लिहून आणलं होतं. काही सहभागी महिलांनी दुसऱ्या वेळी वेगळी नावं दिल्यामुळं आकड्यांत किरकोळ फरक पडला आहे.

"किरकोळ नाही, सर. निष्कर्षच राहत नाही."

"बरं, किरकोळ काढू. पण नावं त्यांनी वेगळी दिली हे तर खरं?"

"आपण जे मागितलं ते त्यांनी दिलं."

सर हसले. म्हणाले, संपादकांना एवढं बारीक कळत नाही, नाव वेगळं म्हणजे वेगळं. मग त्यांनी बढतीचं विचारलं. या निबंधाशिवाय तिची फाइल पुढं जाणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.

सगीरानं उपम्याची बशी सरांपुढं सरकवली. मग तिनं विचारलं, "सर, मॅडमचं माहेरचं नाव काय?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"नाही, सहज. सर, जे छापून येईल ते घेऊन मला पाचोडला जायचंय. त्यात बायकांनी नावं लपवली असं असलं, तर मी त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू? आणि मी गोळी घ्या म्हटलं, तर ज्यांना मी खोटं ठरवलं त्या माझं का ऐकतील?"

सरांनी लिहून आणलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. त्यांनी उपमा संपवला आणि उठताना मला म्हणाले की उपमा उत्तम झाला होता. सगीरा म्हणाली, मीठ कमी होतं.

सरांनी जर्नलला स्वतःचं वेगळं पत्र पाठवलं. संपादकांनी ते सगीराला दाखवलं आणि तिचं उत्तर मागितलं, मग तिचं उत्तर सरांना दाखवलं. असं बरेच महिने चाललं. लेखकांत एकमत झालं नाही तरी जर्नल स्वतःच्या अधिकारात निबंध मागं घेऊ शकतं, फक्त कोण सहमत आणि कोण नाही ते लिहावं लागतं, असं मला तेव्हा कळलं. कॉलेजच्या समितीनंही एक अहवाल पाठवला. गैरप्रकार आढळला नाही, फक्त चूक आढळली, असं त्यात होतं. ते लिहायला त्यांना पावसाळा आणि दिवाळी दोन्ही लागले. त्या दिवाळीला सगीरानं फराळाचं ताट परत आणलं आणि काही बोललीच नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. मी विचारलं, चकली कशी होती. ती म्हणाली, भाभी, खरं सांगू, चव लागली नाही.

एकीकडं तिनं पाचोडच्या फेऱ्या थांबवल्या नव्हत्या. वहिनीचं रक्त गोळ्यांनी वाढलं आणि तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते बघून तिच्या शेजारच्या दोघीतिघींनी गोळ्या सुरू केल्या. बाकीच्या अजून छापून यायची वाट बघत होत्या, आणि त्यातली एक, लाडवावर भरवसा ठेवून बसलेली, बाळंतपणात फार रक्त गेलं म्हणून शहरात आणावी लागली. वाचली. सगीरा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होती. परत आल्यावर तिनं संपादकांना एक ओळीची मेल केली, की तुमच्या पत्रव्यवहाराला जेवढा उशीर होतो तेवढी किंमत गावात मोजावी लागते. त्याला यंत्राचं उत्तर आलं नाही. माणसाचं आलं.

गेल्या आठवड्यात निवेदन छापून आलं. सगीरानं ते मला मराठीत सांगितलं आणि मी लिहून घेतलं. "आधीच्या आणि नंतरच्या याद्या जुळवताना, विवाहानंतर स्त्रियांचं नाव बदलण्याची स्थानिक रीत लेखकांनी लक्षात घेतली नाही. ही चूक लेखकांची आहे. सहभागी महिलांनी विचारलेली माहिती दोन्ही वेळा खरी दिली होती. निबंधाचा निष्कर्ष टिकत नसल्यानं तो मागं घेण्यात येत आहे. चूक पहिल्या लेखिकेनं स्वतः कळवली. दुसऱ्या लेखकांची या मजकुराला सहमती नाही."

निबंध त्यांनी काढून टाकलेला नाही. तो तिथंच आहे, फक्त प्रत्येक पानावर तिरक्या लाल अक्षरांत मागं घेतला असं लिहिलंय. मी विचारलं, काढूनच का टाकत नाहीत. ती म्हणाली, जे बोललो ते बोललो, ते मागं घेतलं हेही दिसलं पाहिजे. मला हे पटलं. त्याच दिवशी जर्नलच्या यंत्रानं तिला अभिनंदनाची मेल केली, की तुमच्या लाडवाच्या निबंधाचा आधार आणखी एका देशातल्या अभ्यासकांनी घेतला आहे. तिनं त्या अभ्यासकांनाही पत्र लिहिलं.

बढतीची फाइल एक निबंध कमी पडतो म्हणून परत आली. सरांनी ईदला नेहमीसारखा मुबारकबादीचा फोन केला. दोघं हवापाण्याचं बोलले.

आणि काल ऋतुराजनं शब्द पाळला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, खाली, बोअरवेलच्या जाहिरातीला लागून चौकट आली. लाडवाची बातमी चार रकान्यांत होती, ही एका रकान्यात मावली. पण बायकांनी माहिती खरी दिली होती ही ओळ त्यात पूर्ण आहे, आणि गोळ्या बंद करू नयेत हीसुद्धा. सगीरानं फोनवरून ती वहिनीला वाचून दाखवली. वहिनीनं विचारलं, "ऊसतोडीचं काढलं का?"

"काढलं, ताई."

"मग लाडू खायचे का नाय?"

"खा. पण गोळीही घ्या."

उद्या पाचोडचा बाजार आहे. सगीरा सकाळच्या एसटीनं कात्रणाच्या झेरॉक्स घेऊन निघणार आहे. आधी सरकारी दवाखान्याच्या आशाताईंकडून गोळ्यांची पाकिटं घ्यायची, मग शाळेच्या ओट्यावर बसून ज्या बायका येतील त्यांना छापलेलं वाचून दाखवायचं.